सहावा आठवडा संपतोय, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घ्याव्यात का? मदत हवी आहे

अबोली

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही.

सहावा आठवडा संपत आलाय. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे, ठोकेही दिसले. त्याच दिवशीच्या रक्ततपासणीत प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला लागणारं हार्मोन) ११ आलं. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, "थोडं कमी आहे, सपोर्ट देऊ" म्हणाल्या आणि डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लिहून दिल्या. कशासाठी, किती दिवस, नाही घेतल्या तर काय, हे विचारायचं सुचेपर्यंत पुढची पेशंट आत आली होती.

ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला. ते म्हणाले, ठोके दिसलेत ना, मग तो आकडा विसरा, काही घ्यायची गरज नाही. एक म्हणतात घ्या, एक म्हणतात नको, आणि दोघंही माझ्यापेक्षा शिकलेले.

घरात तीच तऱ्हा. मोठ्या जाऊबाईंना दोन्ही वेळा इंजेक्शनं होती, त्या म्हणतात, "घे मुकाट्याने, म्हणून तर माझी दोन्ही टिकली." आई म्हणते, आमच्या वेळी असलं कुणी काही घेत नव्हतं. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. हे सगळ्यात वाईट.

गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात एक मिसकॅरेज झालंय. त्यामुळे गोळी न घेता काही बिनसलं तर आयुष्यभर टोचत राहील, आणि घेऊन बाळाला काही झालं तरीही. पाकीट उशाशी आहे, अजून फोडलेलं नाही.

आकडा कमी म्हणजे धोका असतोच का? बाळावर परिणाम होतो का? आणि एकदा सुरू केल्या की मधेच बंद करता येतात का? (परवापासून थोडे तपकिरी डाग दिसतायत, पण तेवढं चालतं असं ऐकलंय.)

पिंपळपान

अभिनंदन गं! ११ मला तरी कमीच वाटतं. त्याच सुमारास माझं ३५ होतं. घेऊन टाक, विषाची परीक्षा कशाला.

खडूफळा

@पिंपळपान, ते ३५ कशात मोजलेलं? काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही नॅनोमोल प्रति लिटर. नॅनोमोल असेल तर ३.१८ ने भागा. ३५ भागिले ३.१८ म्हणजे ११.

पिंपळपान

रिपोर्ट शोधून पाहिला. नॅनोमोलच आहे! आणि आता आठवतंय, मला कुणी गोळ्या दिल्याही नव्हत्या.

सुईणबाई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय कुणाला औषध सांगत नाही, इथेही सांगणार नाही. पण अबोली, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकलीत. तिच्याकडे येतेच, आधी आकड्याचं बघू.

पाळीच्या मध्यावर बीज बाहेर पडतं, तेव्हा अंडाशयात मागे एक पिवळसर गाठ उरते, तिला पीतपिंड म्हणतात. दिवस राहिले की पहिले काही आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवायचं काम तिचंच. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात वार (प्लॅसेंटा) ते काम स्वतःकडे घेते. १९७०च्या दशकात आर्पाद चापो यांनी दाखवून दिलं की सातव्या आठवड्याच्या आधी पीतपिंड काढला तर गर्भ टिकत नाही, आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकतो. म्हणजे हे हार्मोन लागतं यात वाद नाही. वाद आहे तो ज्या बाईचा पीतपिंड जागेवर आहे तिला वरून आणखी द्यावं का, याचा.

प्रोजेस्टेरॉन रक्तात एकसारखं नसतं. ते झटक्याझटक्याने स्रवतं, काही तासांच्या अंतराने आकडा बराच बदलू शकतो. ढोबळमानाने २५ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर आम्ही निश्चिंत होतो, ५ च्या खाली असेल तर गर्भ नीट वाढत नसल्याची शंका घेतो, आणि मधल्या पट्ट्यात हा आकडा फारसं काही सांगत नाही. तुमचे ११ त्या मधल्या पट्ट्यातले. ठोके दिसल्यावर तर सोनोग्राफीचं वजन त्याहून कितीतरी जास्त.

शिवाय कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यात गल्लत होते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. असा गर्भ वाढायचा थांबतो, त्याच्याकडून येणारं एचसीजी (पीतपिंडाला चालू ठेवणारं हार्मोन) घटतं, पीतपिंड मंदावतो आणि मग प्रोजेस्टेरॉन खाली येतं. तिथे वरून गोळी देणं म्हणजे थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरवणं. निव्वळ आकड्यासाठी गोळी लिहिणं मला पटत नाही. इथवर मी तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने.

आता तो कंस. ते डाग दोन्ही डॉक्टरांना सांगितलेत का?

अबोली

नाही. पहिल्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा नव्हतेच. दुसऱ्यांना फक्त रिपोर्टचा फोटो पाठवला होता.

सुईणबाई

मग दोघांनीही जे मत दिलं ते वेगळ्याच पेशंटबद्दल आहे असं समजा.

या विषयावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्हींचं नेतृत्व बर्मिंगहॅमच्या अरी कुमारस्वामी यांच्या गटाकडे होतं. पहिली 'प्रॉमिस', २०१५. कारण सापडत नसताना वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रिया. अर्ध्यांना प्रोजेस्टेरॉन, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. जिवंत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण ६५.८ टक्के आणि ६३.३ टक्के. फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो.

दुसरी 'प्रिझम', २०१९. यात सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होणाऱ्या ४१५३ स्त्रिया होत्या. सगळ्यांचा एकत्र निकाल ७५ विरुद्ध ७२ टक्के, म्हणजे इथेही ठाम काही नाही. पण आधी एकही गर्भपात न झालेल्यांना काहीच फायदा दिसला नाही, आणि आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत तो ७२ विरुद्ध ५७ टक्के असा ठळक होता. रक्तस्राव होतोय आणि आधी किमान एक गर्भपात झालाय, अशा सगळ्या धरल्या तर ७५ विरुद्ध ७०.

याच आधारावर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या. गर्भ गर्भाशयात असल्याचं सोनोग्राफीत दिसलंय, रक्तस्राव होतोय आणि आधी गर्भपात झालाय, या तिन्ही गोष्टी असतील तर मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कण केलेलं) प्रोजेस्टेरॉन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा योनीमार्गाने द्यावं, ठोके दिसत असतील तर गरोदरपणाचे १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. त्या यादीत रक्तातल्या आकड्याचा उल्लेखच नाही.

तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी आधीच होत्या, तिसरी परवा आली. डाग फिकट तपकिरी असले तरी ते डॉक्टरांना आजच कळवा. आणि चिठ्ठीत डायड्रोजेस्टेरॉन आहे, चाचण्यांत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन होतं. ही दोन वेगळी औषधं आहेत. पहिलं कृत्रिम, तोंडाने घ्यायचं. दुसरं शरीरात बनतं तेच. माझ्यासाठी हेच का, असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

रानवाटा

माफ करा, पण मला हे सगळं भीतीदायक वाटतं. गर्भ टिकावा म्हणून बायकांना हार्मोन्स देऊन काय झालं ते जगाने पाहिलंय. डीईएस आठवतंय का कुणाला? तेव्हाही डॉक्टर सुरक्षित आहे असंच म्हणत होते.

सुईणबाई

आठवतं, आणि आठवायलाच हवं. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजेच डीईएस, १९४०च्या दशकापासून गर्भपात टाळण्यासाठी सर्रास दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोत चाचणी झाली, उपयोग शून्य निघाला, तरी ते पुढे वर्षानुवर्षं लिहिलं जात राहिलं. १९७१ मध्ये पोटात असताना ज्यांना हे औषध मिळालं होतं अशा मुलींमध्ये योनीचा एक दुर्मिळ कर्करोग सापडला आणि मग अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात ते देऊ नका असं बजावलं.

पण ते कृत्रिम इस्ट्रोजेन होतं, प्रोजेस्टेरॉन नव्हे. प्रिझममध्ये जन्मलेल्या बाळांतल्या व्यंगांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, सुमारे ३ टक्के होतं. डीईएसवरून मी जो धडा घेते तो हार्मोन वाईट असा नाही. उपयोग नाही हे कळल्यावरही केवळ सवयीने लिहीत राहायचं नाही, असा आहे. म्हणून तर आकड्यासाठी गोळी नको म्हणते.

दवबिंदू

आयव्हीएफवाल्यांनी हा धागा वाचून आपली औषधं बंद करू नयेत, प्लीज! माझं गोठवलेलं भ्रूण सोडलं होतं, आणि त्या महिन्यात औषधांनी बीजनिर्मिती बंद ठेवली होती. म्हणजे पीतपिंड नाहीच. आमच्यासारखीला प्रोजेस्टेरॉन हे पूरक नसतं, जे आहे ते तेवढंच असतं. वार कामाला लागेपर्यंत एक डोस चुकवायचीही मला भीती वाटायची.

सुईणबाई

दवबिंदूने बरं लिहिलं, मी ते सांगायला हवंच होतं. तिथे सगळा हिशेबच वेगळा.

खडूफळा

टक्क्यांबद्दल एक. ७५ विरुद्ध ७० याचा अर्थ असा की औषध न घेतलेल्या शंभरातल्या सत्तरजणींनाही बाळ झालं, आणि घेतलेल्या पंचवीसजणींना नाही. घेतलं म्हणून टिकलं किंवा घेतलं नाही म्हणून गेलं, असं कुठल्याही एका बाईबद्दल कुणालाच सांगता येत नाही. जाऊबाईंनाही नाही, आणि तुमच्या गेल्या वर्षीच्या बाबतीत तुम्हालाही नाही.

अबोली

खडूफळा, शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. आभार.

सगळ्यांसाठी अपडेट. पहिल्या डॉक्टरांना फोन केला, डाग सांगितले. त्यांनी लगेच बोलावलं, पुन्हा सोनोग्राफी केली. ठोके आहेत, गर्भाच्या पिशवीशेजारी थोडं रक्त साचलंय. रक्तगट निगेटिव्ह आहे का तेही पाहिलं (पॉझिटिव्ह आहे). मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. त्या म्हणाल्या, डाग आधी कळले असते तर मीही वेगळं लिहिलं असतं. आता तोंडाच्या गोळ्यांऐवजी योनीमार्गाने ठेवायच्या कॅप्सूल आहेत, ४०० दोन वेळा, सोळा आठवड्यांपर्यंत. प्रोजेस्टेरॉनची तपासणी परत करायची का विचारलं, तर "कशाला?" म्हणाल्या.

घ्यायचं ठरवलंय. शंभरातल्या पाचजणींचा फरक आहे, हे माहीत असून. आज रात्रीपासून सुरू. पण छाती दुखते आणि झोप येते ती आता गरोदरपणामुळे की औषधामुळे, हे कसं ओळखायचं?

सुईणबाई

ओळखता येत नाही, म्हणून लक्षणांवरून अंदाज बांधत बसू नका. छाती दुखणं, पेंग, बद्धकोष्ठ हे दोन्हींमुळे होतं. गर्भाची खबर सोनोग्राफीतच कळते, ठरलेली तारीख चुकवू नका.

तपासणीबद्दल डॉक्टर बरोबर आहेत. योनीमार्गाने घेतलेलं औषध गर्भाशयात भरपूर पोचतं पण रक्तात त्या मानाने कमी दिसतं, आणि डायड्रोजेस्टेरॉन तर नेहमीच्या तपासणीत मोजलंच जात नाही. आकडा पाहून उगाच घाबराल. सोळा आठवड्यांनंतर बंद करताना भीती नको, तोवर वार केव्हाची कामाला लागलेली असते. त्याआधी बंद करायचं असेल तर विचारून करा.

रक्त लालभडक होऊन पॅड भराभर भिजायला लागलं, पोटात जोरात कळा आल्या किंवा चक्कर आली तर कॅप्सूल ठेवत वाट पाहू नका, थेट दवाखाना. आणि ज्या वाचकांची अजून सोनोग्राफी झालेली नाही त्यांनी एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं किंवा भोवळ आली तर इथे प्रश्नही टाकू नका, आधी इस्पितळ गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल, तर प्रोजेस्टेरॉनचा काही उपयोग होत नाही.

दवबिंदू

अनुभवी सल्ला: पँटीलायनर आणून ठेव, पांढरट चिकट बाहेर येत राहतं. औषध वाया गेलं असं वाटून दुसरी ठेवू नकोस, ते फक्त कॅप्सूलमधलं तेल वगैरे असतं. रात्रीची झोपायच्या वेळीच ठेव. आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांग, काही ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं.

अबोली

अ‍ॅलर्जी नाही. लायनर आणायला नवऱ्याला पिटाळलंय, यावेळी त्याला काही ठरवायचं नव्हतं. पुढची सोनोग्राफी झाली की लिहीन.