अनुभव धागा : पेठेची ईर्षा, फुटबॉल आणि आपण. ताणायचं कुठवर?

मिरजकर तिकटी (धागाकर्ती)

माझं माहेर मंगळवार पेठेतलं, सासर शिवाजी पेठेतलं. कोल्हापूरबाहेरच्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. चालत गेलं तर घामसुद्धा येत नाही एवढं अंतर. पण इकडे पाटाकडील आणि बालगोपाल, तिकडे शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा. ज्या तालमींत पूर्वी लाल मातीत कुस्ती चालायची, त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उभे राहिले. त्यामुळे आमच्याकडे क्लब हा नुसता क्लब नसतो. त्यात गल्ली येते, गणपती येतो, वर्गणी येते आणि कोण कुणाच्या मयताला आलं नव्हतं तेही येतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी शाहू स्टेडियमवर फायनल लागली, माहेर विरुद्ध सासर. माहेर हरलं. दोन दिवसांनी भाऊ मला न्यायला आला तो चौकातच थांबला आणि गाडीचा हॉर्न वाजवत बसला. घरात पाऊल टाकेना. शेवटी मामंजी म्हणाले, "चषक झाकून ठेवतो म्हणावं, या चहाला." तरी आला नाही. तेव्हा हसलो आम्ही.

आता मुलगा नऊ वर्षांचा आहे. परवा टीव्हीवर काहीतरी बघता बघता त्यानं विचारलं, "आई, मामाच्या तालमीला शिव्या द्यायच्या असतात, मग मामाला पण द्यायच्या का?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. स्वतःचे अनुभव लिहा. कुणी दगड मारला त्या तालमीचं नाव इथं नको, ते पोलिसांना सांगा. कोल्हापूरचंच पाहिजे असंही नाही.

हलगी

मी मारलाय दगड. एकच.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सामना बरोबरीत, शेवटची पाच-सात मिनिटं, आमच्या पोराला डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, पाडलं आणि पंचानं काय शिट्टी मारली नाही. अख्खी गॅलरी उठली. माझ्या हातात दगड कुठनं आला हे मला आजपण सांगता येत नाही. गॅलरीत दगड नसतात हो. म्हणजे कुणीतरी आणले असणार, आणि कुणीतरी माझ्या हातात दिला असणार. मी फेकला. समोरच्या गॅलरीपर्यंत तो पोचणार नव्हताच. खाली शेंगदाणे विकणारे एक मामा होते, त्यांच्या खांद्याला लागला.

दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलेलं, त्यात मी मधोमध, तोंड उघडं. गुन्हा दाखल झाला, तारखा चालू झाल्या. मधे दुबईत नोकरीचं जमत होतं, तर पासपोर्टची पोलीस पडताळणी त्यातच अडकली. दोन वर्षं गेली, नोकरी पण गेली. "फोडा रे" म्हणून मागनं ओरडणारा जो होता त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तो पुढं आमच्याच भागात मोठ्या पोस्टरवर झळकला, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट.

शेंगदाणेवाले मामा अजून येतात सामन्याला. त्यांना माहीत नाही तो मी होतो. मी दर सामन्याला त्यांच्याकडनं दोन पुड्या घेतो. सुट्टे मागत नाही.

पेठेबाहेरचा

आमच्या राजारामपुरीत आम्ही दोन्हीकडचा गुलाल उसना आणून नाचतो. काहीच प्रॉब्लेम नाही.

जुना स्टॉपर

अकरा हंगाम खेळलो, त्यातले सात एका तालमीकडून, चार दुसऱ्या. प्रेक्षकांना वाटतं तसं आमच्यात वैर नसतं. ज्याच्या नडगीवर दुपारी मी बूट घातला, तोच रात्री दूध कट्ट्यावर शेजारी उभा राहून विचारायचा, "भावा, बर्फ लावलास का?" काहीजण एकाच ऑफिसात कामाला, काहीजण एकाच बॅचचे. खरी खुन्नस गॅलरीत, आणि गॅलरीपेक्षा जास्त कट्ट्यावर. न खेळणाऱ्याची ईर्षा कधी दमत नाही, कारण तो पळतच नाही.

मी संघ बदलला तो पैशासाठी. लाज वाटायचं कारण नाही, घरात वडिलांचं आजारपण होतं. नोंदणी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या तीन घरांनी बोलणं टाकलं. आईला नळावर ऐकवलं, "पोरगं विकलंस व्हय?" ज्या माणसानं मला पहिले बूट घेऊन दिले होते, त्यानं ते परत मागितले. कधीच फाटून गेलेले बूट. मी नवे घेऊन दिले. त्यानं घेतले नाहीत, पण चार वर्षं तो विषय काढायचा थांबला नाही.

आणखी एक सांगतो, कारण हे कुणी लिहीत नाही. आपल्याकडे नायजेरियाची पोरं खेळायला येतात. माझ्यासोबत एक स्ट्रायकर होता. पेठेत भाड्याच्या खोलीत राहायचा, शेजारच्या काकू त्याला भाकरी द्यायच्या, पोरं त्याच्या मागं सायकल घेऊन पळायची. आणि स्टेडियमवर समोरची गॅलरी त्याच्या रंगावरनं, माकडाचे आवाज काढून... पुढचं लिहीत नाही. वाईट याचं वाटतं की पुढच्या हंगामात तो तिकडं गेला आणि तेच आवाज आमच्या गॅलरीतनं आले. भाकरी देणाऱ्या काकूंचा मुलगा पण त्यात होता. त्या स्ट्रायकरनं मला एकदा विचारलं, हे लोक नक्की कुणावर चिडलेत? मी म्हटलं, पंचावर. खोटं बोललो.

६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारत अमेरिकेविरुद्ध खेळला, संघात आपला अनिकेत जाधव. ०-३ हरलो. त्या रात्री मात्र तो कुठल्या पेठेचा, कुठल्या तालमीचा हे कुणी काढलं नाही.

शटर

स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. कुठला सामना आहे हे मला वर्तमानपत्रात बघावं लागत नाही. दुपारी तीनला पोलिसांची गाडी कुठं लागते त्यावरनं कळतं. एक गाडी असेल तर दुकान चालू. दोन गाड्या आणि ढाली बाहेर काढल्या असतील तर काचेच्या बरण्या आत. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांची रॅली सामन्याआधीच फिरली, तर पाऊण तास आधी शटर अर्धं खाली.

सगळे दगडाबद्दल बोलतात. माझा धंदा दगडानं नाही गेला, भीतीनं गेला. राडा वर्षातनं एक-दोनदा होतो, शटर मात्र वीस वेळा ओढावं लागतं. आणि त्यातनं स्पर्धाच थांबवली तर हंगामाचं गिऱ्हाईक पण जातं. म्हणजे भांडले तरी माझं नुकसान, भांडू नये म्हणून सामने बंद केले तरी माझंच. सामने बंद करून काय होणार? ती पोरं काय घरात बसून अभंग म्हणणार आहेत का?

गरियाहाट

मी मूळचा साताऱ्याचा, बँकेच्या बदलीनं १९९६ ते ९९ कोलकात्यात काढली. घरमालक पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबातले, म्हणजे 'बांगाल', म्हणून ईस्ट बंगाल. समोरचे डॉक्टर पिढीजात पश्चिम बंगालचे, 'घोटी', म्हणून मोहन बागान. ईस्ट बंगाल जिंकलं की आमच्या मालकांकडे हिल्सा, मोहन बागान जिंकलं की डॉक्टरांकडे कोळंबी. मी शाकाहारी असल्यामुळे मला दोन्हीकडून फक्त भात.

१३ जुलै १९९७ ची फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी मी सॉल्ट लेक स्टेडियमवर जाऊन पाहिली. एक लाख एकतीस हजार माणसं. आकडा नंतर पेपरात वाचला, पण तिथं उभं असताना मला तो दहा लाख वाटत होता. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता आधीचा आठवडाभर टोमणे मारत होते, भायचुंग भुतियाला 'चुंग चुंग' म्हणत होते. भायचुंगनं तीन गोल मारले. ईस्ट बंगाल ४-१. परत येताना डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत, जणू गोल मी मारले. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, टोमणा मारणाऱ्याला परत टोमणा खायची पचनशक्ती पाहिजे.

पण मालक स्वतः त्या दिवशी मैदानावर आले नव्हते. १९८० पासून ते जातच नसत. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात मैदानात खेळाडू एकमेकांना भिडले, ते लोण स्टँडमध्ये गेलं, मारामारी, मग चेंगराचेंगरी. सोळाजण मेले. मालक त्याच स्टँडमध्ये होते. एकदाच बोलले त्याबद्दल : "खाली पडलेल्या मुलाच्या अंगावर कुठल्या रंगाचा शर्ट होता ते मला आठवत नाही. तेव्हा मात्र बघितला असणार, कारण आधी आम्ही तेच बघायचो." रेडिओवर सामना लावून बसायचे आणि गोल झाला की उठून घराच्या गॅलरीत जाऊन डॉक्टरांच्या खिडकीकडे बघायचे. एवढीच त्यांची हुल्लड.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर होतं, तेव्हा १८ तारखेचा ड्युरँड चषकातला डर्बी (याच दोन शेजारी वैऱ्यांचा) सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द केला. तर दोन्ही क्लबांचे आणि मोहम्मेडन या शहरातल्या तिसऱ्या क्लबचेही लोक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, पोलिसांच्या लाठ्या एकत्र खाल्ल्या. मोहन बागानच्या पोराच्या खांद्यावर ईस्ट बंगालचा पोरगा, असा फोटो मला डॉक्टरांच्या मुलानं पाठवला. मालक आता नाहीत.

तिसरी पायरी

मी मुलगी आहे आणि मला फुटबॉल कळतो. ही दोन वाक्यं आमच्या पेठेत एकत्र ऐकली की लोक हसतात. दोनदा भावाबरोबर गॅलरीत बसले. ईर्षा दोन तालमींची, पण शिव्या दोन्हीकडून आया-बहिणींना. म्हणजे सामना कुणीही जिंको, हरायचं आम्हीच. आता गच्चीवर बसून मोबाईलवर बघते. गोल झाला की स्टेडियमचा आवाज आधी येतो आणि चित्र नंतर.

वास्कोकार

आमच्या गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी राष्ट्रीय विजेतेपदं आणली, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर वाद झाले, पण बाबा म्हणतात तसं, भांडण रेंदेराकडे (माडीवाल्याकडे) सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. खरी मारामारी बघायची तर दोन गावांच्या सामन्याला या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. त्यानंतर बाबांना चिडवायला कुणी उरलं नाही, त्याचा त्रास आम्हाला जास्त झाला.

बालेवाडी

वास्कोकारांशी सहमत. मी एफसी पुणे सिटीवाला. २०१४ ला पहिल्याच हंगामात मुंबई सिटीनं आम्हाला ५-० धुतलं, आंद्रे मोरित्झनं तीन मारले. अंधेरीचा माझा मावसभाऊ पाच वर्षं मला रोज सकाळी पाच बोटांचा इमोजी पाठवायचा. रोज. २०१९ मध्ये आमचा क्लबच बंद झाला. त्या दिवशी त्याचा मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्याला पाच बोटं पाठवली.

रूरकाठ

जर्मनीत डॉर्टमुंडला आठ वर्षं झाली. इथल्या क्लबचा वैरी शाल्क जवळच, पण माझा टीमलीड ते नावच घेत नाही, 'हेर्ने-वेस्ट' म्हणतो. ते लोक डॉर्टमुंडला 'ल्युडेनशाइड-नोर्ड' म्हणतात. दोन्ही दुसऱ्याच गावांची नावं. म्हणजे आपण पुण्याला 'सासवडच्या वरचं' म्हणावं तसं. पहिल्या वर्षी मी निळं, म्हणजे शाल्कच्या रंगाचं, जाकीट घालून ऑफिसला गेलो. कुणी काही बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर बघतो तर जाकिटावर डॉर्टमुंडच्या पिवळ्या रंगाच्या कागदांचे चौकोन चिकटवलेले, एक इंच निळा दिसत नव्हता.

डर्बीच्या दिवशी मात्र गंमत कमी असते. पाहुण्या प्रेक्षकांना पोलीस वेगळ्या वाटेनं आणतात, वेगळ्या दारानं आत घेतात, सामना संपल्यावर थांबवून ठेवतात. तरीही दर डर्बीला काहीतरी होतंच. म्हणजे बंदोबस्तानं माणूस सुधारतो असं नाही, त्याला फक्त दुसरा माणूस सापडत नाही.

दोघंही या एकाच कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातले. २१ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या बॉट्रॉपमधली शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. टीमलीडचे आजोबा खाणीत होते. त्या संध्याकाळी तो ऑफिसात गप्प बसून होता. निघताना म्हणाला, "हेर्ने-वेस्टवाल्यांना पण आज वाईट वाटत असेल." नाव त्या दिवशीही घेतलं नाहीच.

हलगी

@शटर, दुकान कुठलं ते ओळखलं. त्या वर्षीच्या दोन बरण्या आमच्या नावावर धरा. रविवारी येतो.

शटर

तीन होत्या.

मिरजकर तिकटी (धागाकर्ती)

सगळं वाचलं, दोनदा. 'तिसरी पायरी', पुढच्या हंगामात एकत्र जाऊ, मी दोन्हीकडची आहे, कुठल्याही गॅलरीत बसता येतं. शिव्या आल्या की मागं वळून बघायचं, एवढं तरी करू.

मुलाला काल सांगितलं की शिव्या कुणालाच द्यायच्या नाहीत, चिडवायचं मात्र भरपूर. त्यानं लगेच मामाला फोन लावला आणि विचारलं, "मामा, तू आमच्या घरी चहा प्यायला कधीपासून येत नाहीस?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग भाऊ म्हणाला, "तुझ्या आजोबांना विचार, चषक अजून झाकलेलाच आहे का."