जोन ऑफ आर्कची ओळख आज कशी करून द्यावी?

चौकस:
मध्ययुगीन युरोपातील काही व्यक्तींचे छोटे परिचय मी किशोरवयीन वाचकांसाठी लिहीत आहे आणि जोन ऑफ आर्कपाशी अडलो आहे. कोणी तिला फ्रान्सची सेनापती म्हणतात, कोणी राष्ट्रनायिका, कोणी संत. अलीकडे काही लेखक आणि नाटककार तिच्या पुरुषी वेषाकडे लिंगओळखीच्या अंगाने पाहतात, तर तिला ऐकू येणाऱ्या आवाजांना एखाद्या आजाराचे नाव देणारेही आहेत. दीडशे शब्दांत हे सारे मावणार नाही. तेव्हा पहिल्याच वाक्यात तिला काय म्हणावे आणि कोणते विशेषण सरळ गाळावे?

बखरवाचक:
'सेनापती' गाळावे, 'योद्धा' ठेवावे. मे १४२९ मध्ये फ्रान्समधील ऑर्लेआँ शहराला इंग्रजांनी घातलेला वेढा उठला तेव्हा शहराच्या बचावाची सूत्रे द्युन्वा या फ्रेंच सरदाराकडे होती आणि सरदारांच्या मसलतीत जोनला नेहमीच घेतले जात असे असेही नाही. तरीही ती नुसती मिरवण्यापुरती पुढे केलेली मुलगी नव्हती. ७ मे रोजी बाण लागून जखमी झाल्यावरही ती पुन्हा लढाईच्या तोंडावर परतली, आणि तोफा कोठे मांडाव्यात याची तिला उत्तम जाण होती, अशी साक्ष तिच्यासोबत लढलेल्या आलाँसाँच्या ड्यूकने पुढे दिली. गंमत अशी की स्वतः जोनने पुढे तिच्यावर चाललेल्या पाखंडाच्या खटल्यात न्यायालयात सांगितले की तलवारीपेक्षा आपले निशाण आपल्याला चाळीसपट प्रिय होते, कोणाचा जीव घ्यावा लागू नये म्हणून हल्ल्याच्या वेळी आपण तेच हाती धरत होतो आणि आपल्या हातून कोणीही मारले गेले नाही. चित्रांतील उगारलेली तलवार पाहून लिहिणाऱ्यांनी हा जबाब एकदा जरूर वाचावा.

माझा आग्रह एवढाच की तिने स्वतः काय सांगितले आणि इतरांनी तिला काय ठरवले, ही दोन्ही परिचयात वेगळी दिसावीत. मध्ययुगातील फार थोड्या शेतकरी स्त्रियांचे म्हणणे इतक्या तपशिलाने आपल्यापर्यंत आले आहे, आणि तेही तिला दोषी ठरवणाऱ्यांच्याच दप्तरातून.

सोनचाफा:
वेषाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण हल्ली सर्वांत जास्त घाई तेथेच होते. तिच्या गावाजवळच्या व्होकुलरहून फ्रान्सचा राजपुत्र चार्ल्स याला भेटायला निघताना तिने पुरुषी कपडे घातले; वाट शत्रूच्या ताब्यातील मुलखातून जात होती, त्यामुळे यात नवल नाही. परंतु तिची उत्तरे एवढ्यावर थांबत नाहीत. हे आपण देवाच्या आज्ञेने केले, असे ती सांगते. खटल्यात २४ मे १४३१ रोजी आपले दावे मागे घेणाऱ्या कबुलीपत्रावर निशाणी करून तिने स्त्रीवेष स्वीकारला. मात्र चारच दिवसांनी न्यायाधीश तुरुंगात आले तेव्हा ती पुन्हा पुरुषी वेषात होती. पुरुषांच्या पहाऱ्यात राहताना हेच कपडे अधिक योग्य आहेत आणि मला दिलेली वचने पाळली गेली नाहीत, असे तिने त्यांना सांगितले. प्रार्थनेला जाऊ देण्याचे आणि बेड्या काढण्याचे वचन तिला मिळाले होते, असे तिचे म्हणणे होते. याच वेषाचा आधार घेऊन तिला पुन्हा पाखंडाकडे वळलेली ठरवले गेले आणि ३० मे रोजी जाळण्यात आले.

यांतले एकच कारण उचलून 'ती केवळ सोयीसाठी असे कपडे घालत असे' किंवा 'ती स्वतःला स्त्री मानत नव्हती' असे ठामपणे लिहिणे, दोन्ही मला अन्यायाचे वाटते. ती स्वतःला 'कुमारी' म्हणवून घेत असे आणि पत्रांतही तेच नाव वापरत असे. आज कोणाला तिच्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसत असेल तर ते दिसू द्यावे. परिचयात मात्र तिने दिलेली कारणे आधी यावीत. आवाजांचेही तसेच. वयाच्या सुमारे तेराव्या वर्षापासून ते ऐकू येऊ लागले, असे ती सांगते. सहा शतकांपूर्वीच्या जबाबावरून रोगनिदान करण्याचा हव्यास आपण टाळलेला बरा.

तिरकस:
जबाब, जबाब असा गजर चालला आहे म्हणून एक खडा टाकतो. बेड्यांत ठेवलेल्या, वकील नसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सापळ्यासारखे प्रश्न विचारून मिळवलेली ही उत्तरे आहेत. 'तुझ्यावर ईश्वराची कृपा आहे काय?' या प्रश्नाला होय म्हणावे तर उद्दामपणा आणि नाही म्हणावे तर गुन्ह्याची कबुली. 'नसेल तर देव ती मला देवो आणि असेल तर देव ती राखो,' असे ती म्हणाली. हे आत्मचरित्र नव्हे, बचाव आहे. तेव्हा प्रत्येक उत्तर तिचे अंतरंग म्हणून वाचू नका.

'संत' हा शब्द तारखेसह लिहा. बोव्हेचा बिशप पियेर कोशों याच्या धर्मन्यायालयाने तिला दोषी ठरवले, इंग्रजांच्या ताब्यातील रूआं शहरात तिला जाळले, १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि संतपद मिळाले थेट १९२० मध्ये. तेही कुमारिका म्हणून, धर्महुतात्मा म्हणून नव्हे. त्याच वर्षी फ्रान्सच्या संसदेने तिच्या नावाने राष्ट्रीय उत्सवाचा कायदा केला, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

चौकस:
सर्वांचे आभार. सुरुवात अशी करावी म्हणतो: 'जोन ही फ्रान्समधील दोंरेमी गावची गरीब मेंढपाळ मुलगी. ईश्वरी आवाजांनी आपल्याला पाठवले आहे असे सांगत ती सतराव्या वर्षी युद्धात उतरली, निशाण घेऊन सैन्यासोबत लढली आणि एकोणिसाव्या वर्षी पाखंडी ठरवून जाळली गेली. पंचवीस वर्षांनी तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये कॅथलिक चर्चने तिला संत घोषित केले.' वेषाबद्दल पुढचा स्वतंत्र परिच्छेद देतो.

बखरवाचक:
चांगले आहे, फक्त 'गरीब मेंढपाळ' काढा. वडील गावातले बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते आणि गावाच्या कारभारातही त्यांचा हात असे. मेंढरांमागे जाण्याचे म्हणाल तर आपण घरचीच कामे करत होतो, असे तिने न्यायालयात सांगितले. वर, सूतकताई आणि शिवणकामात रूआंच्या कोणत्याही बाईला आपण हार जाणार नाही, असेही ठणकावले. वयांच्या आधी 'सुमारे' घाला. तिला स्वतःलाही आपले नेमके वय ठाऊक नव्हते.