प्रलयानंतरची कादंबरी: जिन्यात आलेल्या अनोळखी माणसांचं काय करायचं?

समा_बडोदे

नमस्कार. मी बडोद्यात समा भागात राहते आणि सध्या एक कादंबरी लिहिते आहे. वीज गेली ती परत आलीच नाही, विश्वामित्री नदी ओसरली पण तिच्यामागून ना महापालिका आली ना सैन्य, असं बडोदं. एका चार मजली सोसायटीच्या गच्चीवर अकरा माणसं तग धरून आहेत. सातव्या प्रकरणात एक जोडपं लहान मुलीला घेऊन जिन्यात येऊन उभं राहतं. बाई आजारी आहे. तिथे मी अडले आहे.

माझा भाचा अशा गोष्टी पुष्कळ वाचतो. तो म्हणतो, "मावशी, तुझी माणसं फार चांगली वागतात, दोन दिवसांत लुटालूट सुरू व्हायला हवी. नाहीतर निदान त्या नवऱ्याला इलेक्ट्रिशियन कर, म्हणजे त्यांना वर घ्यायला कारण मिळेल."

मला पटत नाही, कारण ऑगस्ट 2024 चा पूर मी इथेच काढला. जन्माष्टमीला पावसाने गाठलं, नदी 35 फुटांच्या वर गेली, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. शीतळा सातम नुकतीच झालेली, त्या दिवशी चूल न पेटवता आदल्या दिवशी केलेलं खातात, म्हणून शेजारच्या गुजराती घरांत थेपले, पुऱ्या उरल्या होत्या, आणि आमच्या अख्ख्या जिन्याने आधी त्यावरच दिवस काढले. पार्किंगवरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्या बेनही डबा घेऊन आल्या. लूट मी पाहिली नाही. पण सगळं गोडच होतं असंही लिहवत नाही. पिण्याचं पाणी वाटताना कोणाची तरी मोजणीच होत नव्हती. तो कोण, हे मला या प्रकरणात आणायचं आहे. कसं आणू?

फतेगंज_वाचक

भाच्याला 'द रोड' पुन्हा वाचायला सांगा. कॉर्मॅक मॅकार्थीची 2006 ची कादंबरी. इतकी काळी, की माणसं माणसांना खातात. तरी तिच्यातला खरा झगडा लुटारूंशी नाही, बाप आणि मुलातला आहे. त्यांचं सामान चोरणारा सापडतो, तेव्हा बाप त्याला थंडीत अंगावरचे सगळे कपडे काढायला लावतो आणि ते घेऊन चालायला लागतो. मुलाचं रडणं थांबत नाही. शेवटी दोघं मागे फिरतात. तो माणूस काही भेटत नाही, म्हणून त्याचे कपडे रस्त्यावर ठेवून येतात. तुमचं सातवं प्रकरण हेच तर आहे.

लुटीबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये अमेरिकेत ओहायोला आपत्ती-संशोधन केंद्र काढलं आणि पुढे कित्येक भूकंप, वादळं, पूर यांच्यानंतर माणसं कशी वागतात ते तपासलं. घबराट आणि लूट क्वचित, शेजाऱ्याला बाहेर काढणं मात्र सर्रास, असं त्यांना दिसत गेलं. पण एक लक्षात घ्या. 2024 मध्ये पाणी उतरणार, दूधवाला परत येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. थेपले वाटून टाकायला ती खात्री पुरेशी असते. तुमच्या गच्चीवर ती खात्री नाही. तिथला चांगुलपणा तुम्हाला वेगळ्याने कमवावा लागेल.

औषधवाला_कारेलीबाग

मी केमिस्ट आहे, म्हणून एवढंच सांगतो: 'बाई आजारी आहे' यावर भागवू नका. आजार ठरवा, कारण आजारावरून नाती ठरतील.

समजा तिला टाइप 1 मधुमेह आहे, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या इन्शुलिनची 10 मिलीची बाटली, मिलीला 40 युनिट, म्हणजे एकूण 400. रोज 40 युनिट लागत असतील तर बाटली 10 दिवस पुरते. फ्रिज नसताना ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवली तर बरी टिकते, उन्हात मात्र वाया जाते. आता गच्चीवर इन्शुलिन घेणारे एक काका आधीच असू द्या, टाइप 2 चे. त्यांचं साखर-भात सोडून बरेच दिवस निभेल. तिचं निभणार नाही. बाटली मात्र काकांची आहे. दुकानात मी असे काका रोज बघतो, भले असतात. ते बाटली देतील का, आणि त्यांची बायको देऊ देईल का, हे मला वाचायचं आहे.

निवृत्त_शिक्षिका_दांडियाबाजार

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वी लिहिली गेली आहे, तीही गुजरातच्याच किनाऱ्यावरची. महाभारतातलं मौसलपर्व काढा. यादव आपसांत लढून संपले, द्वारका समुद्रात गेली, आणि उरलेल्या बायका, मुलं, म्हातारे यांना घेऊन अर्जुन निघाला. पंचनद प्रदेशात आभीर नुसत्या लाठ्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. गांडीव कसंबसं चढलं, अस्त्रं आठवेनात, बाण संपले. त्याच्या डोळ्यांदेखत बायका ओढून नेल्या गेल्या.

मी ते शिकवत असे तेव्हा मुलं अर्जुनासाठी हळहळायची. मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, काही बायका आपणहून गेल्या असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. त्यांना अर्जुनाच्या तांड्यात काय दिसलं असेल? तुमच्या गच्चीवरून आपणहून उतरून जाणारं कोणी आहे का? दुसरी, हरल्यावरही अर्जुन उरलेल्यांची सोय लावतो. कृतवर्म्याच्या मुलाला मार्तिकावतात, सात्यकीच्या मुलाला सरस्वतीकाठी, कृष्णाच्या पणतूला, वज्राला, इंद्रप्रस्थात. कोणाला कुठे ठेवलं याची ही नोंद मला त्या पर्वातल्या लढाईपेक्षा मोठी वाटते.

तळमजला_अकोटा

ताई, मोजणी होत नव्हती त्यातला मी एक. आई आणि मी तळमजल्यावर भाड्याने राहायचो. पाणी घरात शिरलं तेव्हा आईला उचलून जिन्यात आणली. वर गच्चीला कुलूप होतं. चावी ज्यांच्याकडे होती ते म्हणाले, बघू. वाईट कोणीच बोललं नाही. जेवण आलं, पण सगळ्यांचं झाल्यावर. आम्ही जिन्याच्या वळणावर बसून होतो, येणारे-जाणारे पाय आखडून पुढे जायचे.

मग दोरीने दुधाच्या पिशव्या वर ओढायला माणूस हवा होता, तो मी झालो. त्या संध्याकाळी गच्ची उघडली. पुढे सगळे मला नावाने हाक मारू लागले आणि माझ्यामुळे आईलाही खुर्ची मिळाली. त्या माणसांवर माझा राग नाही, आजही जाणं-येणं आहे. पण मी दुबळा असतो, किंवा आई एकटीच असती, तर? तिचे गुडघे गेलेले, तिच्याकडून कोणाचं कसलं काम होणार होतं? म्हणून इलेक्ट्रिशियन करू नका. त्या माणसाला काहीही येत नाही असंच लिहा आणि मग कुलूप कोण उघडतं ते दाखवा.

समा_बडोदे

तळमजला, तुमचं उत्तर वाचून मी उठले आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीची चावी कोणाकडे असते ते आधी विचारून आले. एकाच घरात आहे. प्रकरण तिथूनच सुरू होईल.

नवऱ्याला काही येत नाही, हे पक्कं. बाईला टाइप 1. काका राहतील आणि त्यांची बायको पहिल्यांदा नाही म्हणेल. तिचं नाही म्हणणं मला पूर्ण ऐकायचं आहे, तिला खलनायिका करायची नाही. शिक्षिकाबाई, तुमचा आपणहून उतरण्याचा प्रश्न मी काकांच्या सुनेला देते आहे. फतेगंज, खात्री नसतानाचा चांगुलपणा कमवावा लागेल हे मान्य. तो एका रात्रीत येणार नाही, म्हणून प्रकरण चार रात्रींचं करते.

औषधवाला, एकच विचारते: इन्शुलिन पूर्ण थांबलं तर चार रात्री तिच्याकडे आहेत का?

औषधवाला_कारेलीबाग

नक्की धरू नका. खूप तहान, वारंवार लघवी, मग उलट्या, पोटदुखी, श्वास खोल आणि जलद, तोंडाला फळासारखा वास, पुढे गुंगी. कोणाला एका दिवसातच सुरू होतं, कोणाचे दोन-तीन दिवस जातात. चौथ्या रात्री ती स्वतः काही मागू शकेल असं लिहू नका. काकूंशी जे बोलायचं ते तिला पहिल्या दोन रात्रींतच बोलू द्या.