रडवलं म्हणजे पुस्तक थोर का?

रविवारची_भजी:
पाय मोडून दीड महिना घरात होतो. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि हाताशी वडिलांचं पुस्तकांचं कपाट. शाळा-कॉलेजात वाचलेलं बरंच काही पुन्हा वाचून काढलं. मी अभ्यासू वगैरे नाही, लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाचणारा माणूस. तेव्हा मतांना वजनही तेवढंच द्या.

एक गोष्ट खटकली. आपल्याकडे पुस्तक चांगलं का, तर 'वाचताना ढसाढसा रडलो'. 'मृत्युंजय' घ्या. सोळाव्या वर्षी कर्णासाठी उशी भिजवली होती, आता पन्नास पानांतच दमलो. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्णसुद्धा. आणि सगळे एकाच क्लासला गेल्यासारखे उपमा देत बोलतात. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. त्यात 'मी कोण?' नावाचा लेख आहे कर्णावर. बाई त्याच्या चुका चुका म्हणूनच मोजतात, आणि तरी तो कर्ण मला जास्त जवळचा वाटला.

मग 'श्यामची आई'. आठ वर्षांच्या पोराच्या हातात देतो आपण, आणि ते रडलं की संस्कार झाले म्हणून खूश होतो.

उलट 'बनगरवाडी' बघा. दुष्काळात अख्खी वाडी उठून जाते, पण माडगूळकर एकदाही गळा काढत नाहीत. शेकूला दुसरा बैल मिळत नाही, तर त्याची बायको बैलाच्या जागी औताला लागते. सांगितलं आणि पुढे गेले. मी मात्र पुस्तक छातीवर पालथं ठेवून पंख्याकडे बघत पडलो.

आणि हो, फास्टर फेणे! भा. रा. भागवतांना सलाम. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याच्यासारखं जिभेनं 'ट्टॉक' करून पाहिलं. बायको आतून म्हणाली, दुखतंय का फार?

आजोळ:
तुम्ही 'श्यामची आई' पुस्तक वाचलंय की नुसता अत्र्यांचा सिनेमा बघितलाय? कारण रडूबाई आई पुस्तकात मला तरी सापडली नाही. श्याम पोहायला घाबरून माळ्यावर लपतो, तेव्हा ती त्याला शिंपटीनं फोडून काढते. पोहून येतो तेव्हा दही देते आणि विचारते, लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं चालेल का? ही बाई काय मुळूमुळू आहे? साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गजाआडचा माणूस आई आठवतोय, तर आवाज थोडा भरून येणारच की.

आणि गावकुसाबाहेरच्या म्हातारीला मोळी उचलून द्यायला ती श्यामला पाठवते. त्या काळात, कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरातून. तुमच्या फास्टर फेणेनं असं कुठलं धाडस केलंय?

रविवारची_भजी:
पुस्तकच वाचलंय, आणि याच महिन्यात. मोळी उचलून दे म्हणते, पण आल्यावर आंघोळ कर असंही म्हणते ना? मी पुतण्याला वाचून दाखवत होतो. तो लगेच, "काका, आंघोळ कशाला? मोळी घाण होती का?" काय सांगणार? त्या माउलीचं त्या काळातलं मोठेपण मला कळतं. पण आठ वर्षांच्या मुलाला आधी शिवाशिव समजावायची, मग तिचं मोठेपण. तोवर तो पळाला खेळायला. चौदाव्या वर्षी द्या ना, कोण नाही म्हणतंय.

शिंपटीबद्दल मात्र मान्य. तो भाग मी विसरलो होतो, आणि तोच सगळ्यात चांगला आहे.

तांबडी_माती:
'मृत्युंजय'वर तोंडसुख घेणं आता फॅशनच झालीय. आमच्या घरात पंचांग आणि सातबारा सोडून छापील कागद नव्हता. अकरावीला तालुक्याला हॉस्टेलवर गेलो. एकानं 'मृत्युंजय' दिलं. एवढं जाड पुस्तक बघून माणूस बिचकतो, पण हे चार रात्रीत संपवलं. सूतपुत्र म्हणून भर सभेत हिणवलेला माणूस, आणि वाचणारा मी, मेसमध्ये ज्याच्या बोलण्याची नक्कल व्हायची. उपमा मोजायला वेळ कुणाला होता?

तुमचं ते 'युगान्त'सुद्धा मी वाचलं, पण नंतर. कर्णाचं वेड लागलं म्हणून वाचलं. पायरीवर पाय देऊन वर गेलात, आता पायरीलाच नावं ठेवता.

गुळाचा_खडा:
उदाहरणार्थ 'कोसला' राहिलं वगैरे.

रविवारची_भजी:
@गुळाचा_खडा, 'कोसला'च्याच भाषेत चिडवताय, हसून घ्या. पण माझ्या बाजूनं 'कोसला'चाच साक्षीदार उभा करता येईल. १९६३ची कादंबरी, अर्धी तर होस्टेलची टवाळी आहे. आणि मध्येच धाकटी मनी देवीनं जाते. गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंगाला, तिच्या भावाला, ते नीट सांगता येत नाही. तो भलतंच काहीतरी बोलत राहतो, रागावतो, बाजूला सरकतो. तिथं रडू येतं, पण कुणी रांगेत उभं करून रडवत नाही.

@तांबडी_माती, पायरीचं बरोबर आहे. माझीही तीच पायरी होती. पण परत त्या पायरीवर बसायला जागा उरलेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

तांबडी_माती:
तुमची उरली नसेल. माझी मुलगी आता अकरावीलाच आहे, तिला मी तेच देणार.

पानगळ:
आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी नऊ वर्षांची. तुम्ही सगळे रडण्यावर भांडताय, आमची गाडी त्याच्या दहा स्टेशनं अलीकडे अडते. 'श्यामची आई' सुरू केली. 'ओचे' म्हणजे काय, 'शिंपटी' म्हणजे काय, सावित्रीव्रत म्हणजे काय. पहिल्याच रात्री माझाच घसा बसला. फास्टर फेणे मात्र धावला. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात शिकतो, सायकल दामटतो, एवढं कळलं की पुरे. (मागे सुट्टीत आलो तेव्हा तिला फुरसुंगी बघायचीच होती. नाव काढलं की नातेवाईक कचरा डेपोबद्दल बोलत होते. शेवटी गेलोच नाही.)

पण एक सांगते, बन्याच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, गोष्टीत योगायोग फार. चोर नेमका त्याच गल्लीत येतो. मुलगी तिसऱ्या पुस्तकानंतर म्हणाली, "आता भिंतीमागे कोणीतरी असणार." होताच. त्यामुळे 'सलाम' वगैरे जरा हळू.

तिला खरं आवडलं ते माधुरी पुरंदऱ्यांचं. यशच्या गोष्टींत काहीच घडत नाही. पण चित्रातलं घर, खुंटीवरची पिशवी, आजीचा चेहरा, हे सगळं ती माझ्या आईच्या घरात शोधत होती.

खिडकीपाशी:
मी एका शाळेत ग्रंथालय सांभाळते, पाचवी ते आठवी. रजिस्टर बघून बोलते. 'लहान मुलांना दुःखाचं देऊ नका' हे मोठ्यांचं मत आहे, मुलांचं नाही. रविवारची_भजी तसं स्पष्ट म्हणत नाहीत, पण सूर तोच.

प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' माझ्याकडे सातवीची मुलं नेतात. लंपन मॅडसारखा हसवतो, पण मुळात ते आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारं पोर आहे. मुलांना ते बरोबर कळतं. एक मुलगा ते तीन वेळा घेऊन गेला. त्याची आई कामासाठी दुसऱ्या शहरात असते, हे मला नंतर समजलं.

आता 'पाडस'. राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, मूळ अमेरिकन कादंबरी १९३८ची. मुलगा हरणाचं पिल्लू पाळतो, ते मोठं होऊन शेतातलं पीक खातं, आणि शेवटी त्यालाच ते मारावं लागतं. एका पालकांनी येऊन मला झापलं होतं, मुलगी दोन दिवस जेवली नाही म्हणून. त्याच मुलीनं पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला ते नेऊन दिलं.

रविवारची_भजी:
'पाडस' मी यादीत मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण ते माझ्या मुद्द्यात बसेना. रडवतं, भरपूर रडवतं, आणि तरी चांगलं आहे. पण तिथं घरात पोटाला धान्य नाही, म्हणून हरीण मरतं. लेखिकेनं गळा काढण्यासाठी मारलेलं नाही.

आजोळ:
बघा, आता सूट द्यायला लागलात! उद्या साने गुरुजींनाही द्याल. ती आईसुद्धा कर्जापायी झिजून गेली, हौस म्हणून नाही.

रविवारची_भजी:
पुतण्या चौदा वर्षांचा झाला की सांगतो.

खिडकीपाशी:
एक राहिलं. आमच्या 'पाडस'च्या प्रतीत शेवटची काही पानं कुणीतरी स्टेपल करून टाकली होती, चार पिना, अगदी काठाला. मी काढल्या. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं तर पुन्हा तसंच, या वेळी सहा पिना. अक्षर नाही, नाव नाही, त्या काळात तीन मुलांकडे जाऊन आलेलं. आत्ता ते माझ्या टेबलावर आहे. काढू की राहू देऊ?