मदत हवी आहे: जूमलावरून वर्डप्रेसवर आल्यापासून लेख गूगलवर सापडेनात

मंडळी, नमस्कार.

ठाण्याच्या नौपाड्यात सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. साइट जुनी, जूमला ३ वरची (जूमला, वर्डप्रेस ही साइट चालवणारी सॉफ्टवेअर). तेल तळाशी गढूळ का दिसतं, करडईचं तेल तळणीला चालतं का, असे लेख बाबांनी स्वतः लिहिलेत. जाहिरात म्हणाल तर एवढीच. पार घोडबंदर रोडवरची माणसं लेख वाचून फोन करायची.

जूमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्ये संपला, तेव्हा हलणं भागच होतं. एका डिझायनरकडून वर्डप्रेसवर नवी साइट करून घेतली. डोमेन तेच. दिसायला झकास आहे, पण फोन थांबले. दुकानाचं नाव टाकलं तर नकाशावर येतं. 'करडई तेल तळणी' शोधलं की बाबांचा लेख कुठेच नाही. आता तोच गृहस्थ म्हणतो, एसइओचं (शोधात साइट वर आणायच्या कामाचं) मासिक पॅकेज घ्या, पहिल्या पानाची गॅरंटी. यादीत पहिलं काम काय, तर मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) भरणे! हा टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे त्यांच्याच मदतपानांवर आहे.

मला वाटतं, गोम स्थलांतरातच आहे. जुन्या लिंका 'इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, ऑप्शन, आयडी' अशा वळणाच्या होत्या. त्यातली कुठलीही उघडली की आता थेट मुखपृष्ठ येतं. शिवाय 'लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल कसे साठवावे' आणि 'लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल तळणीसाठी' या दोन लेखांच्या लिंका 'शेंगदाणा'पाशीच तुटल्यात, आणि दुसरीला शेपूट म्हणून '-2' लागलंय. हे काय प्रकरण आहे? लिंका रोमन कराव्यात का? आणि आधी काय दुरुस्त करू?

कोपरीकर: सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारी चौकट असते. साइट बनत असताना तिथे खूण करतात आणि काढायला विसरतात. ती बघा आधी.

धागाकर्ती: बघितली. खूण नाहीये. साइटमॅपही (सर्च इंजिनांसाठीची पानांची यादी) उघडतो.

वाशी_सेक्टर_१७: ताई, पॅकेज राहू द्या. तुमचं निदान बरोबर आहे.

ऑप्शन, आयडी हे शब्द वर्डप्रेसच्या ओळखीचेच नाहीत. तो ते सोडून देतो आणि मुखपृष्ठ दाखवतो. 'पान सापडले नाही' असं आलं असतं तर निदान लगेच लक्षात तरी आलं असतं. गूगलच्या नजरेत बाबांचे सगळे लेख गेले आणि प्रत्येकाच्या जागी तेच मुखपृष्ठ आलं. नव्या लिंकेवर लेख आहे, पण जुन्या लिंकेची पुण्याई तिच्याकडे पोचलेली नाही. त्यासाठी प्रत्येक जुन्या लिंकेवरून त्याच लेखाच्या नव्या लिंकेवर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची वळवणी, हवा. सरसकट मुखपृष्ठावर वळवू नका, आत्ता तेच तर होतंय.

तुटलेल्या लिंकांचं कारण साधं आहे. वर्डप्रेस लिंकेतल्या लेखाच्या नावाला २०० जागा देतो. देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, लिंकेत टक्केवाल्या (%) रूपात ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. तिथे कापल्यावर दोन्ही नावं सारखीच उरली, म्हणून दुसरीला '-2'. गूगलला देवनागरी लिंक व्यवस्थित कळते, त्याची काळजी नको. पण व्हॉट्सॲपवर पाठवली की बऱ्याचदा टक्क्यांची माळ दिसते आणि लोक ती उघडायला बिचकतात. मी तुमच्या जागी असतो तर छोट्या रोमन केल्या असत्या.

लिंकांची नावं मात्र आधी ठरवा, रीडायरेक्ट नंतर. नाहीतर जुनीवरून मधलीवर, मधलीवरून नवीवर अशी साखळी होते. 'रीडायरेक्शन' नावाचं फुकट प्लगइन (वर्डप्रेसचं जोड-सॉफ्टवेअर) आहे, त्यात प्रश्नचिन्हापुढचा भागही जुळवता येतो. सर्व्हरच्या एचटीॲक्सेस नावाच्या सेटिंग फाइलमध्ये हात घालणार असाल तर साधी रीडायरेक्टची ओळ तो भाग पाहतच नाही, त्यासाठी 'रीराइट कंडिशन' ही अट लिहावी लागते. आणि हे रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा.

धागाकर्ती: खूप आभार! पण कुठल्या आयडीला कुठला लेख, हे आता कसं कळणार? जुनं होस्टिंग बंद केलंय. अकीबा या जूमलाच्या बॅकअप साधनाची एक जेपीए फाइल तेवढी आहे.

वाशी_सेक्टर_१७: मग काम झालंच की. अकीबाच्याच एक्स्ट्रॅक्ट विझार्डने ती उघडा, आत डेटाबेसची एसक्यूएल फाइल मिळेल. ज्या टेबलच्या नावात सुरुवातीच्या उपसर्गानंतर फक्त 'कंटेंट' आहे, त्यात आयडी आणि शीर्षक एकाच ओळीत मिळतील. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये शोधातून आलेल्या क्लिकांचा १६ महिन्यांपर्यंतचा हिशेब असतो. तिथे ज्या जुन्या लिंकांवर सर्वात जास्त क्लिक दिसतील, तिथून सुरुवात करा.

कोपरीकर: नकाशावरच्या नोंदीत वेबसाइटची कुठली लिंक आहे तेही बघा. तीही जुनीच असेल.

धागाकर्ती: आहे! जुन्या 'संपर्क' पानाची. बदलली आत्ताच. जेपीए आज रात्री उघडते, अडले तर इथेच विचारेन.