मदत हवी आहे: बोंडअळीवर जीन ड्राइव्ह चालेल का?

नमस्कार मंडळी, मी अंबड तालुक्यातला. आमच्या कापूसवाल्या शेतकरी गटात जीन ड्राइव्हवर, म्हणजे एखादा जनुक किड्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत झपाट्यानं पसरवायच्या तंत्रावर, थोडं बोलायचंय, पण एका ठिकाणी गाडी अडलीय.

एरवी पालकाकडचा बदललेला जनुक निम्म्याच पिल्लांत उतरतो. क्रिस्परवर (जनुक नेमका कापून बदलायचं तंत्र) बेतलेला ड्राइव्ह जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावरही स्वतःची नक्कल करतो, म्हणून तो जवळपास सगळ्या पिल्लांत जातो. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी मलेरियाच्या डासांत 'डबलसेक्स' जनुक असाच मोडला. दोन्ही प्रती मोडलेल्या माद्या वांझ निघाल्या आणि पिंजऱ्यातले डास ७ ते ११ पिढ्यांत संपले. इथवर ठीक.

आमच्याकडे मात्र विषय काढला की लोकांना दावलवाडी आठवते. जालन्याजवळ तिथं २०१७ मध्ये डेंगीच्या डासांच्या जनुक बदललेल्या नरांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. ते प्रकरण वेगळं! त्या नरांची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात, त्यामुळे नर पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. ड्राइव्ह आपला आपण पसरतो.

आता प्रश्न. गुलाबी बोंडअळी बीटीला (अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा, जनुक बदललेला कापूस) दाद देईनाशी झालीय. ड्राइव्हने तिच्यात बीटीला पुन्हा बळी पडायचा गुण पसरवता येईल का? पण शेतात बीटीच उभं असेल तर तशा अळ्या जगणार कशा? आणि पतंग काही बांध बघून थांबत नाहीत, मग परवानगी एका गावाची पुरेल का?

कीटकशास्त्रवाल्यांनो, विशेषतः परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्यांनो, सोप्या मराठीत सांगा. नुसत्या लिंका नकोत, बैठक पोळ्याच्या आधी आहे.