एकट्यानं एक रात्र ताडपत्रीखाली: दाजीपूर बाजूला जमेल का?

लेथवाला, उद्यमनगर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ मशीनवर असतो. चालायची सवय आहे, पन्हाळा ते पावनखिंडही झालंय. पण तिथं पन्नास जणांचा घोळका, टेम्पोतनं जेवण आणि झोपायला शाळेची खोली. आता एक रात्र एकट्यानं रानात काढायची आहे. तंबू नको. मामाच्या ट्रकवरची जुनी कॉटनची ताडपत्री पडून होती, त्यातनं दहा बाय दहा फुटांचा तुकडा काढलाय. सोबत दोरी, कोयता, चकमक, एक पातेलं आणि घोंगडं. बास. डिसेंबरात दाजीपूरच्या रानात जायचं डोक्यात आहे.

तिथं रात्री राहू देतात का? खांबाला लाकूड तिथंच तोडलं तर चालतंय का? रानात राहायच्या व्हिडिओत सगळे तसंच करतात. आणि हे जुनं कापड दवानं गळेल का? घरात "मित्राच्या शेतावर जातोय" एवढंच बोललोय.

राधानगरीकर

दाजीपूर डोक्यातनं काढा. ते राधानगरी अभयारण्य आहे, १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय आत शिरणंच गुन्हा आहे, राहणं तर लांबच. आत जाळ करता येत नाही, फांदीही तोडता येत नाही. कोयता घेऊन रात्री सापडलात तर "चकमक शिकत होतो" हे कुणी ऐकून घेणार नाही. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगल मोकळं आहे असंही समजू नका, तिथं १९२७ चा वन कायदा लागतो.

आणि गवा म्हणजे म्हैस नव्हे. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते तेव्हा काय पळापळ झाली ते आठवा.

ताडपत्रीवाले काका

वरच्यांनी कायद्याचं सांगितलं ते बरोबर आहे. पण पोराचा उत्साह मारू नका. मालकीचं रान असतंय की! गगनबावड्याकडं, भुदरगडात, शाहूवाडीत लोकांची स्वतःची डोंगरउताराची जमीन आहे. खाली नाचणी-भात, वर झाडी. ओळख काढायची, मालकाला विचारायचं, गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं. धनगरवाडा जवळ असेल तर आणखी चांगलं. मी कायम तसंच करतो. वाड्यावरची म्हातारी माणसं कुठल्या वाटेनं गवा पाण्यावर उतरतो ते बोट करून दाखवतात. ती माहिती तुझ्या मोबाईलात मिळायची नाही.

आता कापड. माझा हात ह्यातच गेलाय, ट्रकच्या आणि उसाच्या अड्ड्यावरच्या ताडपत्र्या शिवून. बाळा, ट्रकची जुनी ताडपत्री जड असते. दहा बाय दहाचा तुकडा कोरडा चार किलोच्या आसपास भरेल, भिजला की जवळजवळ दुप्पट. पाठीवर घेऊन आधी रंकाळ्याला एक फेरी मार, मग ठरव. आठ बाय आठ एकट्याला भरपूर होतंय.

गळतं का ते घरीच बघ. भर दुपारी कापड उन्हाकडं धरून आतनं बघायचं. चांदण्यासारखी बारीक भोकं दिसतील, तिथं मेणबत्ती दोन्ही बाजूंनी घासायची आणि वर कागद ठेवून इस्त्री अलगद फिरवायची. मेण आत मुरतं. शिलाईवर तर मेण फिरवच, सुईच्या भोकातनंच पाणी आत येतं. कापड नवं घेणार असशील तर पहिल्यांदा पाण्यात चिंब भिजवून, ताणून वाळवायचं. सूत फुगतं, वीण आवळते. जुन्या लोकांची आणखी एक रीत आहे: कापड आधी साबणाच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात. साबण आणि तुरटी मिळून धाग्यावर न विरघळणारा थर बसतो. कापडाचा रंग जरा उतरतो, पण पाणी थेंब होऊन घरंगळतं.

पडत्या पावसात आतनं कापडाला बोट किंवा डोकं लावू नको, तिथनंच ठिबकायला लागतं. डिसेंबरात पावसाचं भय कमी, दवाचं जास्त. उघड्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, कापड पहाटे पिळून काढावं लागेल एवढं दव पडतं. झाडाखाली तेवढं पडत नाही. मात्र वर बघायचं, वाळकी फांदी लटकत असेल तर तिथं झोपायचं नाही. आग्यामोहोळ असेल तर त्या झाडाखाली धूर तर करायचाच नाही, काडीसुद्धा पेटवू नको.

खांब तोडायचा विषयच नाही. दोन झाडं बघायची, छातीएवढ्या उंचीवर दोरी ताणायची, त्यावर कापड टाकायचं. मागची कड जमिनीला, पुढची वर. पाठ वाऱ्याकडं. आणि ह्या दोरीबद्दल एक सांगतो, नीट वाच. पाऊस आला की पाणी दोरीवरनं पळत आत येतं आणि बरोबर तुझ्या उशाशी पडतं. म्हणून झाड आणि कापड ह्यांच्या मधे, कापडाच्या बाहेर, दोरीला सुतळीचा वीतभर तुकडा बांधून खाली सोडायचा. पाणी तिथवर येतं, सुतळीवरनं उतरतं आणि बाहेरच ठिबकतं. दोन्ही टोकांना एक-एक. दोरी सुती असेल तर झोपताना जरा सैल सोड, दवानं ती आखडते आणि आयलेट (कापडाच्या भोकातलं धातूचं कडं) उपटते. नायलॉनची असेल तर उलटं, ती भिजून सैल पडते, झोपताना परत ताणायची.

खुंट्या तू लेथवरच कर की. आठ एमएमची सळी, वीतभरापेक्षा जरा लांब, डोकं वाकवलेलं. पण गगनबावड्याकडं जांभा दगड आहे, सड्यावर दोन बोटं मातीखाली तोच. तिथं सळी वाकेल पण आत जाणार नाही. दगडाला दोरी बांधायची आणि त्या दोरीवर दुसरा मोठा दगड ठेवायचा. हलत नाही.

जाळाचं मत माझं वेगळं आहे. व्हिडिओतली माणसं बर्फात असतात, त्यांना जाळ नसला तर जीव जाईल. आपल्याकडं डिसेंबरात जाड घोंगडं आणि खाली पालापाचोळ्यावर एक पोतं, काम झालं. जाळ लागतो चहाला आणि मनाला. मालक हो म्हणाला तर पाला खालच्या मातीपर्यंत खरडून काढायचा, तीन दगड, हाताच्या अंगठ्याएवढ्या काटक्या, त्याही पडलेल्या. ओलं लाकूड घातलंस तर जाळ आणि धूर संगट नाही, नुस्ता धूर. चकमकीला काटेसावरीचा कापूस जरा करपवून डबीत ठेव, ठिणगी लगेच धरतो. ट्रकच्या कापडाला मेण आणि डिझेल मुरलेलं असतंय. ते नायलॉनसारखं वितळत नाही, पण पेटतं. जाळ चार पावलं लांबच. सकाळी राखेत पाणी ओतून हात घालायचा, हाताला गार लागली तरच निघायचं.

दवाखान्यातली ताई, भुदरगड

काकांनी कापडाचं सगळं सांगितलं, मी सापाचं सांगते. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारची भीती जास्त. हा साप रात्री फिरतो आणि चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. ना सूज, ना आग. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही. लोक समजतात, बाहेरचं खाल्लं म्हणून. त्यामुळं चादर विसरलात तर चालेल, मच्छरदाणी विसरू नका. ती दोरीलाच टांगा आणि कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी दाबा.

चावलंच तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. हात-पाय हलवू न देता १०८. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर एकच लस चालते, पण ती दवाखान्यातच मिळते. म्हणून मोबाईलला रेंज नसेल तिथं एकट्यानं राहू नका, किंवा हाक ऐकू जाईल एवढ्यावर तरी घर असू दे.

दुसरं, गोचीड. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण निघाले, तो गोचिडीतनंच पसरतो. माकडं मेलेली दिसली त्या रानात थांबू नका. पाल्यावर थेट बसू नका, पँट मोज्यात खोचा, घरी येऊन गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे लगेच धुवा. नंतर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला "रानात राहून आलोय" हे आधी सांगा.

आणि घरी खरं सांगा हो. मित्राच्या शेतावर शोधायला जाणारी माणसं तुम्हाला डोंगरात कशी सापडणार?

लेथवाला, उद्यमनगर

ताई, काका, राधानगरीकर, आभार. दाजीपूर रद्द. शॉपमधल्या एकाचे सासरे गगनबावड्याच्या अलीकडं असतात, त्यांचं काजूचं रान आहे, विचारलंय. बायकोला काल सांगितलं. ती म्हणाली, मच्छरदाणी मी शिवून देते, पण सासऱ्यांचा नंबर मला हवा. काका, रानाखालनं ओढा जातो. पाण्याजवळ कापड बांधलं तर सोयीचं होईल ना?

ताडपत्रीवाले काका

नको. पाण्यावर तुझ्यासारखी बाकीचीही येतात. गवा संध्याकाळी आणि पहाटे उतरतो, त्याच्या वाटेत तू दोरी ताणून बसलास तर त्याची काय चूक? शिवाय रात्री गार हवा उतारावरनं घसरून ओढ्यातच साठते. शंभर पावलं वर चढ, पाणी उजेडातच भरून आण. जागा ठरवताना जमीन बघ: खुरांचे ठसे, ताजं शेण, झाडाच्या बुंध्याला घासलेली साल. एवढं दिसलं की पुढं सरक. रात्री जवळ खसफस झाली तर बॅटरी त्याच्या तोंडावर मारू नको, मोठ्यानं बोलत राहा. माणूस आहे कळलं की बहुतेक वेळा तोच वाट बदलतो.

काजूचं रान असेल तर डिसेंबरात मोहोर असतो, धूर करण्याआधी त्यांना परत एकदा विचार. आणि जायच्या आधी तुकडा दुकानात घेऊन ये, कडेला दोरी घालून दुमडून देतो. नुस्त्या कापलेल्या कडेला आयलेट मारलंस तर पहिल्याच वाऱ्याला निघंल.